‘बटण बंद करू नये’ : घरातल्या जुन्या लॅपटॉपवर वेबसाइट कशी चालवायची

तुम्ही हा भाग ऐकताय ना, या क्षणी आमच्या साताऱ्याच्या घरात टीव्हीमागच्या फळीवर एक जुना लॅपटॉप चालू आहे. झाकण बंद आणि वर चिकटवलेली चिठ्ठी : ‘बटण बंद करू नये.’ त्याखाली आईने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, ‘यात आजी आहे.’

सांगतो. २०१९ मध्ये, बीटेकच्या शेवटच्या वर्षाला असताना मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड केल्या होत्या. एकूण ४१ फाइल्स. एका फुकट होस्टिंगवर साधी वेबसाइट केली, सगळ्या नातेवाइकांना लिंक पाठवली आणि विसरून गेलो. २०२१ मध्ये आजी गेली. तिच्या वर्षश्राद्धाला आत्याने लिंक उघडली तर पान गायब! ती सेवाच बंद झाली होती. आधी सूचना आली होती म्हणे, पण ती माझ्या कॉलेजच्या ईमेलवर, आणि तो ईमेल केव्हाच बंद पडलेला. जुना फोन मी विकून टाकला होता. मावशीचं व्हॉट्सॲप, भावाचा पेनड्राइव्ह असं सगळं धुंडाळून ३४ फाइल्स सापडल्या. उरलेल्या ७ गेल्या त्या गेल्याच. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचा डेटा सांभाळणारा मी, घरचा मात्र सांभाळला नाही.

तेव्हा ठरवलं, वेबसाइट घरातच ठेवायची. आता हे जमतं कसं ते बघू.

पहिली गोष्ट, सर्व्हर म्हणजे काही वेगळा प्राणी नाही. कुणी पान मागितलं की ते देणारा, सतत चालू असलेला कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर. जगातला पहिला वेब सर्व्हर म्हणजे टिम बर्नर्स-ली यांचा सर्न या संस्थेतला टेबलावरचा नेक्स्ट कॉम्प्युटर होता. १९९० सालची गोष्ट. त्यावरही चिठ्ठी होती, लाल शाईत : हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. म्हणजे आमची चिठ्ठी परंपरेला धरूनच आहे!

माझा लॅपटॉप दहा वर्षं जुना, ४ जीबी रॅमचा. विंडोज काढून त्यावर डेबियन लिनक्स टाकलं. झाकण बंद केल्यावर झोपू नको, अशी सेटिंग केली. मग एनजिनएक्स नावाचा फुकट वेब सर्व्हर टाकला. त्याला एक फोल्डर दाखवायचं, त्यातली पानं तो लोकांना देतो. इथपर्यंत एका दुपारचं काम. घरच्या वायफायवर वेबसाइट लगेच उघडली.

पण घराबाहेरून? नाही उघडली. इथेच बहुतेक जण अडकतात, म्हणून हे नीट ऐका.

तुमचं घर म्हणजे एक मोठी सोसायटी समजा. बाहेरच्या जगाला फक्त सोसायटीचा पत्ता माहीत आहे, तो म्हणजे तुमचा पब्लिक आयपी. आतले फोन, टीव्ही, लॅपटॉप हे फ्लॅट. राउटर म्हणजे गेटवरचा वॉचमन. आतल्या कुणी काही मागवलं असेल तर वॉचमन ते बरोबर पोचवतो. पण न मागवता कुणी गेटवर आला तर तो विचारणार, ‘कोणत्या फ्लॅटला?’ आणि उत्तर नसेल तर परत पाठवणार. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे वॉचमनला सांगून ठेवणं, की ८० आणि ४४३ नंबरवर येणारे सगळे या लॅपटॉपकडे पाठव. वेबसाइटची ये-जा याच दोन पोर्टवरून होते.

मी ते केलं. तरीही उघडेना! दोन रात्री गेल्या. कारण निघालं सीजीनॅट. आयपीव्ही४ पद्धतीत जगात पत्तेच जेमतेम ४२९ कोटी, त्यामुळे अनेक इंटरनेट कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच पत्ता देतात. म्हणजे तुमच्या सोसायटीच्या बाहेर अजून एक गेट, आणि तिथला वॉचमन तुमचं ऐकत नाही.

तपासायचं कसं? राउटरच्या पानावर वॅन आयपी दिसतो तो बघा. मग गुगलवर ‘माझा आयपी काय’ शोधून जो आकडा येतो तो बघा. दोन्ही वेगळे असतील तर बहुधा सीजीनॅटच. राउटरवरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये सुरू होत असेल तर शंकाच नको. ही तपासणी सगळ्यात आधी करा. माझ्यासारख्या दोन रात्री घालवू नका.

यातून वाटा दोन. एक, कंपनीकडून दरमहा जास्त पैसे देऊन स्टॅटिक आयपी घ्यायचा. दोन, टनेल. मी क्लाउडफ्लेअरचा टनेल वापरतो. यात लॅपटॉप स्वतःहून बाहेर जोडणी करतो आणि ती धरून ठेवतो. आतून बाहेर जायला कुणाची ना नसते. पाहुणे क्लाउडफ्लेअरच्या दारात येतात आणि त्या जोडणीतून आत पोचतात. राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावा लागत नाही, एचटीटीपीएसचं कुलूपही तेच लावतात. मात्र डोमेन विकत घ्यावं लागतं आणि मधल्या कंपनीला तुमची ये-जा दिसू शकते. ओव्यांना ते चालतं, बँकेच्या कागदांना चालणार नाही. शिवाय घरच्या प्लॅनवर सर्व्हर चालवायला तुमच्या इंटरनेट कंपनीची हरकत नाही ना, ते अटींमध्ये वाचून घ्या.

आता सुरक्षा. सुरुवातीला मी एका मित्राच्या घरी, जिथे सीजीनॅट नाही, प्रयोग म्हणून एसएसएचचा २२ नंबर पोर्ट उघडला होता. सकाळी लॉग बघितला तर रात्रभर कुणी ‘रूट’, कुणी ‘ॲडमिन’ नावाने पासवर्ड मारून बघतंय! आपल्यावर कुणाचा डोळा असतो असं नाही. बॉट सगळ्या जगाची दारं ढकलून बघत फिरत असतात. म्हणून एसएसएच बाहेरच्यांसाठी उघडूच नका, पासवर्डऐवजी की वापरा आणि सुरक्षेचे अपडेट आपोआप होतील असं ठेवा.

खर्च किती? लॅपटॉप साधारण १५ वॅट घेतो. १५ गुणिले २४ गुणिले ३०, म्हणजे महिन्याला सुमारे ११ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर ११० रुपये. स्पीडची काळजी नको. ६४ केबीपीएसची ओवी आणि ४० एमबीपीएस अपलोड, म्हणजे कागदावर तरी ६०० जण एकदम ऐकू शकतात. आमचे नातेवाईक तेवढे नाहीत. लाइट गेली तर लॅपटॉपची बॅटरी आहेच, पण राउटरला छोटा यूपीएस लावा, नाहीतर उपयोग शून्य. आणि बॅटरी कायम १०० टक्क्यांवर ठेवू नका. सेटिंग असेल तर ६०–८० वर थांबवा. फुगलेली दिसली तर लॅपटॉप लगेच बंद करून ती काढून घ्या.

आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. घरात सर्व्हर आहे म्हणजे डेटा सुरक्षित आहे, असं नाही! जुनी डिस्क कधीही जाऊ शकते. माझ्या ७ फाइल्स कंपनीमुळे गेल्या असं मी बरेच दिवस म्हणत होतो. खरं तर त्या गेल्या कारण माझ्याकडे दुसरी प्रत नव्हती. म्हणून ३-२-१ लक्षात ठेवा : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. आमच्या ओव्या लॅपटॉपवर आहेत, एक्स्टर्नल डिस्कवर आहेत आणि तिसरी प्रत पुण्याला आत्याकडे आहे. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल खरंच वाजवून बघतो. न तपासलेला बॅकअप असून नसल्यासारखा.

आता आई रोज सकाळी चहा करताना मोबाईलवर एक ओवी लावते. मागच्या आठवड्यात साइट बंद पडली तर माझ्या आधी तिला कळलं. फोन आला, ‘अरे, आजी बोलत नाहीये, बघ जरा.’ केबल सैल झाली होती.

तर मंडळी, कपाटातला जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका. पण आज रात्री सर्व्हर नंतर, आधी एक काम करा : तुमच्या फोनमध्ये ज्यांचा आवाज फक्त एकाच जागी आहे, त्याची दुसरी प्रत काढा. भेटू पुढच्या भागात!