सुई शेवटच्या खाचांवर ठेवा

चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जुन्या एलपी चाळताना मी कव्हरच्या देखणेपणावर जात नाही. तबकडी बाहेर काढायची, कडेला आणि लेबलाला हात लावून धरायची, खाचांना बोट लागू द्यायचं नाही आणि उजेडात तिरकी करायची. सरळ बघताना काळीकुळकुळीत दिसणारी तबकडीसुद्धा अशी धरली की ओरखडे दाखवते. खाचा करड्या पडल्या असतील तर जड किंवा झिजलेल्या सुईने त्या खाल्ल्यात. लेबलावर भोकाभोवती बारीक रेघांचं जाळं असेल तर ती पुष्कळ वाजलीय.

मग खाचा संपल्यावरच्या गुळगुळीत पट्टीवरचा मॅट्रिक्स क्रमांक वाचायचा. हे प्रेसिंग कुठल्या कटिंगवरून निघालं, याचा माग त्यावरून लागतो. लॅकरवर कोरलेल्या खाचांवर निकेल चढवून साचा घेतात, साच्यावरून साचा करत स्टँपर तयार होतो. वाफेने तापवलेल्या दोन स्टँपरांमध्ये विनाइलचा गोळा दाबला की तबकडी तयार. स्टँपर झिजत जातो, म्हणून त्याच्या पहिल्या प्रती खणखणीत आणि शेवटच्या बोथट. भोक केसभर सरकलं तरी सूर डुलतो.

चित्रपटगीताच्या वाद्यमेळात हे दोष लपून जातात. ख्यालात लपत नाहीत. संथ आलापीमागे तानपुरा सलग वाजत असतो. षड्ज हलला की लगेच कळतं आणि प्रत्येक टकटक ऐकू येते. त्यात एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, शेवटाकडे जेमतेम २०. तेवढ्याच वेळाचा आवाज निम्म्याहून कमी लांबीत मावायचा, म्हणून तिथे तो फाटायला लागतो. आणि द्रुत, ताना, सगळी रंगत नेमकी तिथेच!

संग्राहकांच्या किमतीचं गणित वेगळंच. १९६०च्या दशकात बीटल्सची गाणी भारतात ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरही निघाली. त्यांचा पृष्ठभाग खरखरतो, पण इतरत्र ७८चा जमाना सरला होता, म्हणून जगभरचे संग्राहक त्यांच्या मागे असतात. ही किंमत दुर्मिळतेची, आवाजाची नव्हे.

तुम्हाला तबकडी ऐकायला हवी असेल तर दुकानदाराला सुई शेवटच्या दोन मिनिटांवर ठेवायला सांगा. भावाचं त्यानंतर बोला.