नळीत उरलेलं मीठ

गोळीबार आटोपला की ली-एनफिल्ड रायफलच्या नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतायचं, ही ब्रिटिश सैन्यातली जुनी रीत. लोखंडाला पाण्यापासून जपावं हे लहान मुलालाही कळतं. तरी तेलाचा नंबर पाण्यानंतर लागायचा.

याचं कारण काडतुसाच्या बुडाशी बसवलेल्या टोपीत आहे. तिच्यावर टोला बसला की आतलं मिश्रण भडकतं आणि दारू पेटते. जुन्या टोप्यांमध्ये ज्वलनाला ऑक्सिजन पुरवायचं काम पोटॅशियम क्लोरेट करत असे. ऑक्सिजन निघून गेला की मागे उरतं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे खाण्याच्या मिठाचं सख्खं भावंड. गरम वायूंबरोबर ते नळीभर पसरतं आणि पोलादावर बसतं.

कोरड्या हवेत ते फारसं काही करत नाही. पण हवेतली आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांच्या वर गेली, की पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला सुटतं तसं त्यालाही पाणी सुटतं. हे खारं पाणी विजेचं उत्तम वाहक असल्याने गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया भराभर चालते आणि नळीत बारीक खड्डे पडतात. कोकणातल्या आषाढात त्याला एक रात्रही पुरावी.

मग नुसतं तेल चोपडलं तर? मीठ तेलात विरघळतच नाही. ते तेलाखाली तसंच राहतं आणि ओलावा हळूहळू तिथवर पोचतो.

गंमत म्हणजे संशय आधी भलत्यावरच होता. काळ्या दारूच्या जमान्यात नळीत काजळीचे थर साचत. ते पाण्याने धुवावेच लागत आणि नकळत मीठही वाहून जाई. १८८० च्या दशकात बिनधुराची दारू आली. नळी वरवर लख्ख दिसू लागली, तेलाची चिंदी फिरवली की काम झालं असं वाटू लागलं आणि नळ्या गंजू लागल्या. साहजिकच खापर नव्या दारूच्या आम्लधर्मी अवशेषांवर फुटलं. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्समधल्या विल्बर्ट हफ यांनी १९२२ मध्ये खरा आरोपी दाखवून दिला : टोपीतून आलेलं मीठ.

पुढे १९२० च्या दशकातच अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीची ‘क्लीनबोअर’ आणि जर्मनीत ‘सिनॉक्सिड’ या न गंजवणाऱ्या टोप्या बाजारात आल्या. सैन्यांना मात्र घाई नव्हती. वर्षानुवर्षं कोठारात टिकणारी क्लोरेटची टोपी त्यांच्या खात्रीची होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम-वन कार्बाइनला सुरुवातीपासून नव्या टोप्या मिळाल्या, पण मोठ्या रायफलींची बहुतेक काडतुसं जुन्याच टोप्यांची होती. सोव्हिएत कारखाने तर नंतरही कित्येक वर्षं तीच टोपी वापरत राहिले. त्यामुळे जुन्या लष्करी साठ्यातली काडतुसं वापरणारे नेमबाज आजही पाण्याचाच आधार घेतात.

काहीजण अमोनियाचा काचा पुसायचा द्राव वापरतात. अमोनियाने मीठ ‘मारलं’ जातं अशी त्यांची समजूत. पण हे मीठ ना आम्ल, ना अल्कली. मारायला त्यात काही नाहीच. काम करतं ते द्रावातलं पाणी. आणि गरम पाण्याचे फायदे दोन : त्यात मीठ जास्त विरघळतं आणि तापलेली नळी लवकर सुकते.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून पाणी ओतायचं, पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, कोरडी चिंदी लावून ओढायची, मग तेल. बोल्टचं तोंड विसरायचं नाही. स्वयंचलित रायफल असेल तर गॅसचा दट्ट्याही धुवायचा. आतून क्रोमचा मुलामा दिलेली नळी बरीच निभावून नेते, दट्ट्याला तो मुलामा असेलच असं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पांढरी चिंदी फिरवावी; ती तांबूस निघाली तर पाणी पुन्हा तापवावं लागतं.