रोकड गाडीतली बारा बोअर

डोंबिवलीच्या मानपाडा रोडवर भर दुपारी एटीएमसमोर जाळीच्या खिडक्यांची गाडी थांबते, तेव्हा पैशाचा दरवाजा सगळ्यात शेवटी उघडतो. आधी उतरते बंदूक. पन्नाशीतला, बहुधा सैन्यातून निवृत्त झालेला माणूस पुढच्या सीटवरून खाली येतो, रिक्षांच्या रांगेवर, वडापावच्या गाडीवर, घुटमळणाऱ्या दुचाकीवर एकदा नजर फिरवतो आणि गाडीला पाठ टेकवून उभा राहतो. नळी जमिनीकडे, बोट चापाच्या बाहेर. मग आतून ट्रंका निघतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत हे दृश्य रोजचं. पण त्या माणसाच्या हातात नेमकी तीच बंदूक का, याची गोष्ट फार मजेची आहे.

तिचं नाव बारा बोअर. हा बारा इंचही नाही आणि मिलिमीटरही नाही. एक पौंड शिसं घ्या, त्याच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या ओता. त्यातली एक गोळी ज्या नळीत चपखल बसेल ती बारा बोअर. वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान, म्हणून वीस बोअर बारापेक्षा बारीक! बाराच्या नळीचं तोंड भरतं साधारण 18.5 मिलिमीटर, म्हणजे नव्या 50 पैशांच्या नाण्याहून जेमतेम कमी. या हिशेबात न बसणारी एकच प्रसिद्ध बंदूक, 410. तिचा आकडा खरोखर इंचाचा आहे, 0.410.

परवान्यावर मात्र ‘बारा बोअर’ एवढ्यावर भागत नाही. तिथे डीबीबीएल किंवा एसबीबीएल अशी अक्षरं असतात. पहिली दुनळी, दुसरी एकनळी. दोन्हींत काडतूस मागून भरायचं. कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे पुढून ठासावे लागत, त्या पिढीपासून ही वेगळी पडते ती इथे. दुनळीचा मोठा गुण तिच्या बिजागरीत आहे. मान मोडून उघडली की नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसतो. रिकामी की भरलेली, याचा निकाल एका नजरेत लागतो. चार-पाच माणसं दाटीवाटीने बसलेल्या गाडीत, शिळफाट्याच्या खड्ड्यांतून जाताना, या एका गुणाची किंमत मी सगळ्यात जास्त धरतो.

अडचण लांबीची. जुन्या दुनळीची नुसती नळीच 28 किंवा 30 इंचांची; दस्त्यासकट ती पावणेचार फुटांच्या घरात जाते. पुढच्या सीटवर गुडघ्यांत धरायची, दार उघडताना आधी नळी सांभाळायची, मग पाय खाली टाकायचा. मग कापून आखूड का करत नाहीत? शस्त्र अधिनियम 1959 च्या सहाव्या कलमानुसार परवानगीशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं हा गुन्हा आहे. गाडीसाठी सोयीची म्हणून ओळखली जाते ती पंप अ‍ॅक्शन: नळी आखूड, काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात, पुढची मूठ मागेपुढे ओढली की पुढचा बार तयार. ती भारतात ईशापूरच्या सरकारी कारखान्यातही बनली. तरी रस्त्यावर आजही जास्त दिसते ती लाकडी दस्त्याची जुनी बंदूकच.

बरं, रायफल का नको? इथे आपल्या गावांची रचना पाहावी लागते. फडके रोडवर समोरासमोरच्या दोन दुकानांत अंतर किती? वर गॅलऱ्या, खाली फेरीवाले, मध्ये शाळेतून सुटलेली पोरं. नागरी परवान्यावर मिळणारी प्रसिद्ध देशी रायफल .315 बोअरची. थ्री नॉट थ्री लष्करी काडतुसाची म्हणून नागरिकांना बंद, तेव्हा हा वेगळा बोअर आला. तिची गोळी किलोमीटरहून लांब जाऊ शकते. चुकलेली गोळी पुढच्या गल्लीत, त्याच्याही पुढच्या गल्लीत कुणाला लागेल सांगता येत नाही. बारा बोअरचे छर्रे जवळ भयंकर असतात, पण त्यांचा जोर अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो. दाट वस्तीत, पंधरा-वीस पावलांवरच्या संकटासाठी, बारा बोअर हाच शहाणा पर्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. भीतीचं कामही तीच जास्त करते. त्या रुंद तोंडाकडे पाहून विचार बदलणारा माणूस म्हणजे न झाडलेली गोळी, आणि ती सगळ्यात चांगली.

नियमही वाचण्यासारखे आहेत. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये बँकांना सांगितलं की रोकड गाडीवर दोन बंदूकधारी हवेत. बंदुका अधूनमधून झाडून तपासाव्या लागतात आणि काडतुसं ठरावीक काळाने बदलावी लागतात. पट्ट्यात वर्षानुवर्षं घामावलेलं काडतूस ऐन वेळी फुसकं निघू नये म्हणून! काडतुसांचा एक मोठा कारखाना आपल्याच पुण्याजवळ खडकीला आहे, 1869 पासूनचा. 2018 च्याच ऑगस्टमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाचे नियम आले: एका फेरीत पाच कोटींहून जास्त रोकड नाही, शहरात रात्री नऊनंतर एटीएम भरणं नाही, एक बंदूकधारी पुढे आणि एक मागे. मला सगळ्यात आवडलेला नियम चहाचा आहे. चहा, जेवण किंवा लघवीसाठी थांबलं तरी किमान एक बंदूकधारी गाडीपाशी हवाच. पुढच्या वेळी पाहा, कटिंगचे ग्लास दोन आले तरी दोघं एकदम टपरीवर जात नाहीत.

परवान्याचीही गंमत. ठाणे, कल्याण, डोंबिवलीसाठी तो पोलीस आयुक्तांकडून मिळतो; मुरबाड, शहापूरकडे जिल्हाधिकाऱ्यांकडून. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोन केली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली आणि लग्नाच्या वरातीत बेफिकीर बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलिसांकडे जमा करून घेतात, पण बँकांच्या रखवालदारांना त्यातून बहुधा सूट मिळते. निवडणूक असली तरी एटीएमपुढची रांग थांबत नाही.

एक आठवण ठाणेकरांना नकोशी आहे. जून 2016 मध्ये तीन हात नाका परिसरात रोकड सांभाळणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयावर पहाटे दरोडा पडला आणि कोट्यवधी रुपये गेले. गाडीतली बंदूक कितीही नेमकी निवडली, तरी नोटा मोजायच्या खोलीचं दार तितकंच पक्कं लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी थांबलेली दिसली तर तिच्यामागे स्कूटर लावू नका, ट्रंकेजवळून घाईने वाट काढू नका, मोबाईल काढून चित्रीकरण करू नका. दहा पावलं लांबून जा. तो माणूस दिवसभर उन्हात उभा असतो, आणि आपल्या प्रत्येकाच्या हातांकडे त्याला पाहावंच लागतं.