पोट टम्म भरलेलं, तरी मेंढी उपाशी! असं का होतं?

उन्हाळा जवळ आला की घनसावंगी तालुक्यात मेंढ्यांपुढे काय असतं? वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या, ज्वारीचा कडबा, तुरीचं भुसकट आणि गोदाकाठच्या गावांत उसाचं वाढं. चारा दिसायला भरपूर. तरी गाभण मेंढ्यांच्या बरगड्या दिसू लागतात.

याचं उत्तर कोटीपोटात आहे. हा मेंढीच्या पोटाचा पहिला आणि सर्वात मोठा कप्पा. कडबा मेंढी स्वतः पचवत नाही, इथले कोट्यवधी सूक्ष्मजीव तो कुजवतात. त्यांना वाढायला नायट्रोजन लागतो. चाऱ्यात साधारण ७ टक्क्यांपेक्षा कमी प्रथिनं असली की त्यांचं काम मंदावतं. कडब्यात ती ३ ते ४ टक्केच असतात. मग चारा पोटात पडून राहतो, जागा रिकामी होत नाही आणि मेंढी आणखी कमी खाते. थोडक्यात, पोट जॅम!

वाढं हिरवं असतं म्हणून फसू नका. त्यातही प्रथिनं कमीच, वर त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून ठेवतं.

खरी अडचण शेवटच्या दीड महिन्यात येते. मेंढीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा, पण कोकराचं जवळपास ७० टक्के वजन या शेवटच्या टप्प्यात वाढतं. वाढतं गर्भाशय पोटाची जागाही खातं. ऊर्जा कमी पडली की मेंढी अंगातली चरबी वेगाने जाळते, रक्तात कीटोन साठतात, ती खाणं सोडते आणि आडवी पडते. जुळी असतील तर धोका जास्त. फलटणच्या 'नारी' संस्थेची 'नारी सुवर्णा' ही जात जुळ्यांसाठीच ओळखली जाते, तिच्याबाबतीत हे विसरून चालत नाही.

उपाय काय? हिशेब सोपा आहे. ८०० ग्रॅम कडब्यातून सुमारे ३० ग्रॅम प्रथिनं मिळतात. सोबत २०० ग्रॅम सरकी पेंड दिली तर आणखी ४० ग्रॅम. झाले ७ टक्के! पेंड महाग आहे, त्यामुळे सगळ्या कळपाला देण्यापेक्षा विण्याच्या जवळ आलेल्या मेंढ्यांना आधी द्यावी. धान्य मात्र एकदम वाढवू नये, आम्लता होऊन मेंढी दगावू शकते.

स्वस्त पर्याय युरियाप्रक्रियेचा. १०० किलो कुट्टीवर ५० लिटर पाण्यात विरघळवलेला ४ किलो युरिया शिंपडून ती २१ दिवस हवाबंद ठेवतात आणि वास उडाल्यावर हळूहळू सवय लावत खाऊ घालतात. युरिया नुसता चाऱ्यावर भुरभुरला किंवा पिण्याच्या पाण्यात पडला, तर विषबाधेने मेंढी काही तासांत मरू शकते. लहान कोकरांना तर हा चारा द्यायचाच नाही, त्यांचं कोटीपोट अजून तयार झालेलं नसतं.