पेनड्राइव्हवरची फिल्म टीव्हीवर का अडते? ‘फॉरमॅट’ दाबण्याआधी हे वाचा

बुऱ्हाणपूर : लग्नसराई आटोपली की महिना-दीड महिन्याने व्हिडिओवाल्याकडून पेनड्राइव्ह हातात पडतो. मांडव इच्छापूरला, वरात रावेरहून आलेली, त्यामुळे फिल्मची वाट सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्ही घरांत पाहिली जाते. नव्या स्मार्ट टीव्हीला पेनड्राइव्ह लावला जातो आणि बऱ्याच घरांत तीनपैकी एक गोष्ट होते. टीव्ही पेनड्राइव्ह ओळखतच नाही, किंवा फाइल दिसते पण उघडत नाही, किंवा चित्र छान दिसतं आणि आवाजच नसतो. अंतरपाट धरलेला आहे, भटजींचं तोंड हलतंय, मंगलाष्टकं मात्र ऐकू येत नाहीत. बाजारात विचारलं तर एका वाक्यात निकाल लागतो, ‘टीवी सपोर्ट नहीं करता.’

उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. काय सपोर्ट करत नाही ते कळलं, तर बहुतेक वेळा फिल्म घरच्या घरी चालू करता येते. न कळल्यामुळे लोक भलतंच बटण दाबतात, आणि खरं नुकसान तिथे होतं.

आधी त्या बटणाबद्दल. पेनड्राइव्ह लावल्यावर अँड्रॉइड टीव्ही विचारतो, की आतलं नुसतं पाहायचं आहे की पेनड्राइव्ह ‘डिव्हाइस स्टोरेज’ म्हणून सेट करायचा आहे. काही टीव्ही ओळखता न आलेल्या पेनड्राइव्हला थेट ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारतात. यातल्या ‘डिव्हाइस स्टोरेज’ला किंवा ‘फॉरमॅट’ला होकार दिला, की पेनड्राइव्ह पुसला जातो. टीव्ही त्याला स्वतःची जागा म्हणून घेतो, आणि नंतर तो कॉम्प्युटरला लावला तरी लग्न त्यात नसतं. ‘ब्राउझ’ एवढाच पर्याय निवडायचा. चुकून दाबलं गेलंच, तर पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवावा, त्यावर नवीन काहीही भरू नये. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने काही परत मिळण्याची थोडीफार शक्यता तेवढ्यानेच शिल्लक राहते. म्हणून पेनड्राइव्ह घरात आला की पहिलं काम टीव्हीला लावण्याचं नाही. त्याची एक कॉपी कॉम्प्युटरवर किंवा दुसऱ्या डिस्कवर करून ठेवायची.

पेनड्राइव्हची मांडणी

पेनड्राइव्हवर फाइली कशा रचल्या जातात याच्या पद्धती ठरलेल्या आहेत : फॅट३२, एक्सफॅट आणि एनटीएफएस. फॅट३२ जुनी आहे आणि जवळपास प्रत्येक टीव्हीला समजते, पण तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. तीन तासांची लग्नाची फिल्म सेकंदाला १० मेगाबिट या चांगल्या दर्जाने बनवली, तर तिचं वजन साडेतेरा जीबीच्या आसपास जातं. मग ६४ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवरही कॉम्प्युटर ‘फाइल खूप मोठी आहे’ म्हणून अडतो आणि माणूस चक्रावतो, जागा तर आहे ना!

मायक्रोसॉफ्टने २००६ साली आणलेल्या एक्सफॅटमध्ये ही अडचण नाही. पण तिच्यावर पेटंट होती, तिचा आराखडा मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये खुला केला. तोपर्यंत बनलेल्या कितीतरी टीव्हींमध्ये ती नाहीच. त्यांना एक्सफॅटचा पेनड्राइव्ह कोरा किंवा खराब वाटतो आणि ते फॉरमॅट करण्याचा सल्ला देतात. वर सांगितलेला धोका इथूनच सुरू होतो. अशा वेळी आधी कॉपी काढून, पेनड्राइव्ह कॉम्प्युटरवर एनटीएफएस मध्ये फॉरमॅट करून फिल्म पुन्हा भरावी. बहुतेक स्मार्ट टीव्ही एनटीएफएस वाचतात. तेही न जमल्यास फिल्मचे ४ जीबीच्या आतले भाग करून फॅट३२ वर ठेवावेत : हळद, लग्न, पाठवणी. पाहुण्यांना तसंही हळद सोडून थेट लग्नावर जायचं असतं.

डबा एक, भाजी वेगळी

फाइलच्या नावाशेवटी एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही असं काहीतरी असतं. हा नुसता डबा. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय आणि आवाज कोणत्या, हे डब्यावरून कळत नाही. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. म्हणूनच एका एमपी४ला टीव्ही चालवतो आणि शेजारच्या एमपी४ला नाही म्हणतो. लोकांना हा टीव्हीचा लहरीपणा वाटतो, पण तसं नसतं.

चित्रासाठी सर्वांत भरवशाचा कोडेक एच.२६४. तो २००३ साली आला आणि आज मिळणाऱ्या स्मार्ट टीव्हींना तो येतोच. एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी २०१३ चा. तेवढ्याच दर्जाची फिल्म तो साधारण निम्म्या जागेत बसवतो, पण जुन्या टीव्हीला झेपत नाही. यातही एक खाच आहे. आताचे चांगले कॅमेरे ‘१०-बिट ४:२:२’ अशा प्रकारात शूटिंग करतात, कारण त्यात नंतर रंग सुधारायला वाव मिळतो. एच.२६४ च्या या प्रकारातलं चित्र बहुतेक टीव्हींच्या चिपला उलगडता येत नाही. व्हिडिओवाल्याने घाईत कॅमेऱ्यातल्या मूळ फाइलीच पेनड्राइव्हवर टाकल्या, तर त्याच्या कॉम्प्युटरवर सगळं चालतं आणि घरी काळा पडदा.

आवाजाचं दुखणं याहून जास्त घरांत आढळतं, आणि त्याचं मूळ परवान्यात आहे. डॉल्बी आणि डीटीएस या खासगी कंपन्यांच्या पद्धती आहेत. टीव्ही बनवणाऱ्याला त्या वापरायच्या तर पैसे मोजावे लागतात. किंमत खाली ठेवायची म्हणून काही कंपन्या ते टाळतात, आणि यात फक्त स्वस्त टीव्ही येतात असंही नाही. सॅमसंगने २०१८ च्या मॉडेलपासून डीटीएस काढून टाकलं. एलजीने २०२० मध्ये काढलं आणि २०२३ मध्ये काही मॉडेलमध्ये परत आणलं. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या टीव्हीवर ऐकू येणारी फाइल नव्या, महागड्या टीव्हीवर मुकी होऊ शकते.

लग्नाच्या फिल्ममध्ये डीटीएस सहसा नसतं. तिथे दोन वेगळी कारणं सापडतात. हँडीकॅमच्या ‘एमटीएस’ फाइलीत आवाज बहुधा डॉल्बीचा असतो. फोटो-व्हिडिओच्या नव्या कॅमेऱ्यांपैकी काही एमपी४ च्या डब्यात न दाबलेला, एलपीसीएम आवाज भरतात. हा आवाज उत्तम असतो, पण एमपी४ मध्ये तो असेल अशी पुष्कळ टीव्हींची अपेक्षाच नसते. मग चित्र दाखवायचं आणि आवाज गाळायचा, असं टीव्ही करतो.

नक्की काय झालंय ते पाहायला पैसे लागत नाहीत. व्हीएलसी हा फुकट प्लेअर कॉम्प्युटरवर घ्यावा, फिल्म सुरू करावी आणि ‘टूल्स’मधलं ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडावं. चित्राचा आणि आवाजाचा कोडेक तिथे वेगवेगळा लिहिलेला असतो. टीव्ही अँड्रॉइड किंवा गुगल टीव्ही असेल, तर व्हीएलसी टीव्हीवरच टाकता येतं आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, कारण ते आवाज स्वतःच उलगडतं. सॅमसंग आणि एलजीच्या स्वतःच्या प्रणालींवर ते मिळत नाही. तिथे फाइलच बदलून घ्यावी लागते. ‘हँडब्रेक’ हे फुकट सॉफ्टवेअर ते काम करतं. साध्या कॉम्प्युटरवर तीन तासांच्या फिल्मला रात्रभरही लागू शकते, त्यामुळे वीज जाणार नाही अशी वेळ बघून लावावं. जाणकार मुलगा घरात असेल तर एफएफएमपेग वापरून चित्राला हात न लावता फक्त आवाज बदलता येतो. ते काही मिनिटांचं काम आहे आणि चित्राचा दर्जाही जात नाही.

या सगळ्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे व्हिडिओवाल्याला सुपारी देतानाच चिठ्ठी देणं : एमपी४, एच.२६४, ८-बिट, १०८०पी, आवाज एएसी स्टिरिओ. एवढी एक ओळ. अशी फाइल भुसावळच्या मामाकडे आणि शहापूरच्या आत्याकडे, कोणत्याही कंपनीच्या टीव्हीवर चालण्याची शक्यता सर्वांत जास्त. मूळ मोठ्या फाइली हव्या असतील तर त्या वेगळ्या मागाव्यात.

जुन्या डीव्हीडी आणि भलताच स्वस्त पेनड्राइव्ह

ज्यांचं लग्न पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं आहे त्यांच्याकडे डीव्हीडी असते. तिच्यातलं ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाकलं, की आयएफओ, बीयूपी, व्हीओबी अशा फाइलींचा घोळका दिसतो. कामाच्या फक्त व्हीओबी, आणि त्या प्रत्येकी १ जीबीपर्यंतच्या तुकड्यांत असतात. सप्तपदीत तिसऱ्या पावलावर फाइल संपते आणि रिमोट शोधावा लागतो. हँडब्रेकला ते अख्खं फोल्डर दिलं तर एकच सलग एमपी४ मिळते. हे काम लांबणीवर टाकू नये. घरी लिहिलेल्या डीव्हीडीचा रंगाचा थर वर्षांनुवर्षांत उतरतो, आणि त्यात दिसणारी आजी-आजोबांची पिढी पुन्हा शूट करता येत नाही.

पेनड्राइव्हही कायमची तिजोरी नाही, आणि ‘१ टीबी’ लिहिलेला काहीशे रुपयांचा पेनड्राइव्ह तर मुळीच नाही. त्याची चिप कॉम्प्युटरला खोटी जागा सांगते. खरी जागा भरली की पुढच्या फाइली नावापुरत्या दिसतात, आत काहीच नसतं. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हे फुकट सॉफ्टवेअर रिकाम्या पेनड्राइव्हची ही चोरी पकडतं.

खिशात मावणारी हार्ड डिस्क लावली आणि ती टिकटिक करून बंद पडली, तर तिला वीज पुरत नाही असं समजावं. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलीअँपिअर मिळतात, ३.० मधून ९००. दुसरा पोर्ट, बहुधा निळा, वापरून पाहावा.

सिनेमांचं काय?

ओटीटीच्या ॲपमध्ये डाउनलोड केलेला सिनेमा पेनड्राइव्हवर जात नाही. ती फाइल कुलूपबंद असते आणि त्याच ॲपमध्ये उघडते. दुकानातून पैसे देऊन नवे सिनेमे भरून घेणं हा मात्र सरळ गुन्ह्याचा व्यवहार आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. थिएटरमध्ये बसून पडदा रेकॉर्ड करणाऱ्याला २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनुसार तीन वर्षांपर्यंत कैद, आणि किमान ३ लाखांपासून निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

जुन्या सिनेमांना ही भीती नाही. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ आणि आचार्य अत्र्यांचा १९५३ चा ‘श्यामची आई’ त्यातून केव्हाच मोकळे झालेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हे पेनड्राइव्हवर भरून ठेवायला हरकत नाही. फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ करावा. नाहीतर टीव्ही चौकोनी चित्र ताणून पडदाभर करतो आणि विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा आडवे पसरलेले दिसतात.