बर्ड फ्लू माणसाला कसा होतो आणि धोका कुणाला?

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला. भारतातली ही पहिलीच नोंद. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, पण त्या साथीत एकाही माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. मग हा आजार माणसाला होत नाही का? होतो. १९९७ मध्ये हाँगकाँगला १८ जणांना लागण झाली, त्यातले ६ दगावले. २००३ पासून जगभरात एच५एन१ या विषाणूच्या ९०० हून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि त्यातले जवळपास निम्मे वाचले नाहीत. भारतात २०२१ मध्ये हरियाणातील एका मुलाचा यात मृत्यू झाला. आजार इतका दुर्मीळ, तरी इतका जीवघेणा का?

उत्तर आपल्या श्वसनमार्गात आहे. पेशीत शिरण्यासाठी विषाणूला तिच्या पृष्ठभागावरच्या सायलिक ॲसिड या साखरेच्या रेणूला चिकटावे लागते. हा रेणू कुलूप समजा आणि विषाणूवरचे हिमाग्लुटिनिन नावाचे प्रथिन किल्ली. पक्ष्यांच्या पेशींवरचे कुलूप एका प्रकारचे, तर माणसाच्या नाक-घशातले बहुतांश कुलूप दुसऱ्या प्रकारचे असते. त्यामुळे बर्ड फ्लूची किल्ली आपल्या नाक-घशात सहसा चालत नाही. शिवाय पक्ष्यांच्या शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर असते, तर आपले नाक त्या मानाने थंड. तिथे या विषाणूची वाढ नीट होत नाही.

पण फुप्फुसाच्या अगदी खोल भागात, वायुकोशांमध्ये, पक्ष्यांसारखी कुलपे असतात. विषाणू मोठ्या प्रमाणात श्वासावाटे तिथवर पोहोचला, तर थेट तीव्र न्यूमोनिया होतो. म्हणून आजार गंभीर. मात्र विषाणू खोलवर असल्याने खोकण्या-शिंकण्यातून सहज बाहेर पडत नाही, म्हणून एका माणसाकडून दुसऱ्याकडे फारसा पसरत नाही. डोळ्यांच्या आवरणातही अशी कुलपे आहेत. २०२४ पासून अमेरिकेत गायींमध्ये हा विषाणू पसरला, तेव्हा लागण झालेल्या गोठ्यातल्या अनेक मजुरांचे डोळे लाल झाले होते.

शास्त्रज्ञांना भीती आहे ती किल्ली बदलण्याची. विषाणू सतत बदलतो. प्रत्येक माणसाची लागण ही त्याला माणसाच्या शरीराशी जुळवून घेण्याची संधी असते.

आता सामाजिक बाजू पाहू. विषाणू जात-वर्ग पाहत नाही, पण काम पाहते. शिजवलेले चिकन खाणाऱ्याला धोका नाही. ७० अंशांवर नीट शिजवले की विषाणू मरतो. धोका आहे तो पोल्ट्रीतली विष्ठा काढणाऱ्याला, कोंबडी कापणाऱ्याला, पिसे सोलणाऱ्याला आणि मेलेले पक्षी उचलणाऱ्याला. ही कामे बहुतेक रोजंदारीवरची. आजारी पडल्याचे सांगितले तर मजुरी बुडते, म्हणून ताप अंगावर काढला जातो.

म्हणून अशा कामावरच्या आपल्या बांधवांना आणि भगिनींना तीन गोष्टी सांगा. अचानक मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. मास्क, हातमोजे आणि चष्मा मालकाकडे मागा. ताप, खोकला किंवा डोळे लाल झाल्यास डॉक्टरांना पक्ष्यांच्या संपर्काबद्दल आवर्जून सांगा, कारण विषाणूरोधक औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वाधिक गुणकारी ठरते. सुरक्षेची साधने मागणे हा मजुराचा हक्क आहे, आणि त्यात सगळ्या समाजाचेच संरक्षण आहे.