भागिले सातशे तीस

पगार झाला की आमच्याकडची पोरं आधी कपातीचा रकाना बघतात. पीएफबद्दल तक्रार नसते. तो पुढेमागे हातात येणार असतो. ईएसआयचे, म्हणजे कामगार राज्य विम्याचे, 113 रुपये मात्र डोळ्यांत खुपतात. "मॅडम, मी आजारीच पडत नाही, मग कापता कशाला?" भोसरीच्या एका प्रेसशॉपमध्ये मी हजेरी-पगार बघते. दवाखान्याचं सांगून झालं की मी म्हणते, काम सुटलं तरी यातून काही दिवस पैसे मिळतात. त्यावर पोरं हसतात. कंपनी घरी बसवणार आणि सरकार पैसे देणार, हे त्यांना खरंच वाटत नाही.

खरं आहे, पण किती आणि किती दिवस, हे समजून घेतलेलं बरं. आपल्याकडे सरसकट सगळ्यांना बेकारभत्ता नाही. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार ईएसआयमध्ये येतात. कामगाराचा वाटा पगाराच्या पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन. त्यांच्यासाठी 1 जुलै 2018 पासून 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' आली. प्रायोगिक म्हणून आणली आणि मग मुदतवाढींवर चालू ठेवली, त्यामुळे अर्ज करताना ती त्या दिवशी चालू आहे का हे ईएसआयच्या शाखेत विचारून घ्यायचं. आधी सरासरी रोजाच्या 25 टक्के मिळायचे, 2020 मध्ये करोनाच्या काळात ते 50 टक्के झाले. मुदत जास्तीत जास्त 90 दिवस, आणि तीही आयुष्यात एकदाच.

पन्नास टक्के म्हटलं की माणूस मनातल्या मनात शेवटचा पगार अर्धा करून मोकळा होतो. हिशोब तसा होत नाही. ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत चालतं: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मागच्या अशा चार तुकड्यांतली तुमची सगळी कमाई एकत्र करायची आणि तिला 730 ने भागायचं. तो झाला सरासरी रोज. त्याचा अर्धा तुमचा. गेल्या महिन्यात भांडून पगारवाढ मिळवली असेल, तर तिने या आकड्यात फारसा फरक पडत नाही.

पंधरा हजारांवरचा प्रेस ऑपरेटर घ्या. चोवीस महिने सलग पगार झाला तर कमाई 3,60,000. भागिले 730, म्हणजे रोज 493 रुपये. अर्धे 246 आणि वर काही पैसे. नव्वद दिवसांचे झाले साधारण 22,190 रुपये. आता त्याच्याच शेजारच्या मशीनवरचा, बीडकडचा गडी घ्या. पगार तेवढाच, पण हा पेरणीला गावी जातो, काढणीला जातो, मधे ऑर्डर नाही म्हणून आम्हीच त्याला बसवून ठेवतो. दोन वर्षांत सहा महिने बिनपगारी. कमाई 2,70,000. भागायचं मात्र 730 नेच. गैरहजेरीचे दिवस कुणी वजा करत नाही. रोजाचे अर्धे 185 च्या आसपास, नव्वद दिवसांचे 16,640. दोघांचा ठरलेला पगार एकच, पण साडेपाच हजारांचा फरक पडला.

एवढं मिळायलाही अटी आहेत. काम सुटण्याआधी दोन वर्षं ईएसआय विम्याखालची नोकरी झालेली हवी. लगतच्या तुकड्यात किमान 78 दिवसांचं योगदान भरलेलं हवं, आणि आधीच्या तीनपैकी निदान एका तुकड्यात तेवढंच. गैरवर्तनाबद्दल काढलं असेल, निवृत्त झाला असाल, स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर हा लाभ नाही. पूर्वी काम सुटल्यावर 90 दिवस थांबावं लागायचं, आता 30 दिवसांनी मागणी करता येते; आणि 2020 पासून अर्ज मालकामार्फतच हवा असं राहिलं नाही, तो थेट शाखेत देता येतो. ही सुधारणा मला सगळ्यात मोलाची वाटते. ज्याने घरी बसवलं त्याच्याच दारात सहीसाठी उभं राहायचं, हे कुणाला जमतं?

कारखानाच बंद पडला किंवा कायद्याप्रमाणे कामगारकपात झाली, तर दुसरी, जुनी योजना आहे: 1 एप्रिल 2005 पासूनची 'राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना'. तिची मुदत मोठी, एकूण 24 महिने. पहिले बारा महिने रोजाच्या 50 टक्के, पुढचे बारा 25 टक्के, आणि त्या काळात ईएसआयचा दवाखानाही सुटत नाही. नोकरीशी संबंध नसलेल्या दुखापतीने 40 टक्के किंवा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलं, तरी ती लागू होते. पण इथे काम कशामुळे सुटलं याला महत्त्व आहे, आणि ते कारण माझ्यासारखं कुणीतरी संगणकावर भरत असतं.

दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत आम्ही मागच्या महिन्याचं योगदान भरतो. ज्याचे दिवस शून्य, त्याच्या नावापुढे एक यादी उघडते: रजेवर, नोकरी सोडली, कामगारकपात, काम नाही, संप वगैरे. घाईच्या दिवशी पटकन 'नोकरी सोडली' निवडून मोकळं होण्याची आमच्या धंद्यात सर्रास पद्धत आहे, आणि मालकांनाही तेच सोयीचं. कागदावर माणूस आपणहून गेलेला दिसतो. म्हणून आमच्याकडून कुणी जायला निघाला की मी त्याला खुर्ची देते, स्क्रीन त्याच्याकडे वळवते आणि विचारते, बोल, यातलं कुठलं खरं?